होडीचा रंग

दार लावून घ्या आधी. आणि मधेच कुणी हसायचं नाही. हसलात तर मी उठून झोपायला जाईन, मग बसा मोबाइल बघत.

ही माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट. ऐकीव नाही, मी त्या होडीत होते. तीन वर्षं झाली. जानेवारीतला दुसरा शनिवार. काम एवढंसंच होतं, ताईला तिच्या नवऱ्याचा दिवा तलावात सोडायचा होता.

तिचा नवरा पलीकडच्या काठावर कारखान्यात कामाला. पाळी सुटली की सगळे लाँचमधून घरी यायचे. त्या आधी अकरा वर्षं, अशाच एका शनिवारी, रात्री आठ वाजून दहा मिनिटांनी ती लाँच मधोमध उलटली. चौतीस माणसं गेली. तेव्हापासून दर थंडीत त्या रात्री काठावरचे सगळे दिवे मालवतात आणि आठ-दहाला चौतीस कागदी दिवे पाण्यावर सोडतात. प्रत्येकावर एकेकाचं नाव. लांबून लांबून माणसं बघायला येतात. नियम एकच. दिवा कुठेही जाऊ दे, कुणाजवळही येऊ दे, त्याला ढकलायचं नाही.

ताईचा धाकटा दीर होडीवाला. लाँच बुडाली त्या रात्री एकटा होडी घेऊन गेला आणि सात जणांना वर काढलं. पदक मिळालं त्याला. सख्खा भाऊ तेवढा हाती लागला नाही. तो तिसऱ्या दिवशी सापडला. उजव्या हाताची चार बोटं मोडलेली, चारही मागे वळलेली. ताईनं तो हात धुतला होता.

"ही अशी कशी मोडली, भाऊजी?"

"दगडावर आपटला असेल, वहिनी."

तलावाच्या मधोमध दगड कुठून आले? पण ती बोलली नाही. अकरा वर्षं ते एकच कोडं उशाशी घेऊन झोपली बाई.

त्या वर्षी तिचा गुडघा धरला होता. काठाच्या पायऱ्या शेवाळलेल्या, उतरणं शक्य नव्हतं. म्हणून आम्ही दोघी दिराकडे गेलो. होडी अंगणात पालथी घातलेली. हिरवीगार. त्याचं एक विचित्र होतं. वर्षभर होडीत चिखल साचला तरी बघायचा नाही, पण दिव्यांच्या दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे ब्रश घेऊन ती रंगवायला बसायचा. दरवर्षी. लोक म्हणायचे, होडीचं लग्न काढलंय की काय याने!

"वहिनी, त्या रात्री मी होडी पाण्यात घालत नाही."

"का? पदक काय नुसतं खिळ्याला टांगायला दिलंय?"

आतून त्याची बायको म्हणाली, "न्या हो! किती विनवण्या करायला लावता त्यांना."

त्यानं पालथ्या होडीला हात घातला. मग म्हणाला, "काठापासून वीस हात. त्यापुढे नाही."

मला पाण्याची भारी भीती. होडी हलली तशी ताई म्हणाली, "अगं, होडीला धर. माझी वेणी सोड." मी हसले. त्या रात्रीचं शेवटचं हसणं.

भोंगा वाजला. काठावरचे दिवे गेले. आणि पाण्यावर एकेक करून उजेड उतरायला लागला. इतकं सुंदर, इतकं गप्प. थंडी हाडात शिरत होती. मला अक्षर कळत नाही, पण ताईचा दिवा लांबूनही ओळखला असता. निळा कागद. नवऱ्याच्या कामावरच्या शर्टाचा रंग. तिनं वाकून तो पाण्यावर ठेवला.

वारा काठाकडून होता. सगळे दिवे मधे चालले. निळाही निघाला. चार हात गेला.

थांबला.

वळला.

वाऱ्याच्या तोंडावर परत आला. ताईकडे नाही. दिराच्या बाजूला. होडीला लागला... टक्.

दिरानं वल्हं उचललं.

"भाऊजी, ढकलू नका."

त्यानं ढकललं. दिवा परत आला. टक्. मग त्यानं वल्हं डोक्यावर नेलं आणि हाणलं. पोरांनो, तो कागद फाटल्याचा आवाज नव्हता. हाड मोडल्याचा होता.

दिवा बुडाला. पण पाण्याखाली पेटलेलाच राहिला.

आणि तलावाच्या मधोमध तेहतीस दिवे वळले.

ते आले. गोल करून आले. काठावरच्या लोकांना वाटलं, हाही कार्यक्रमातलाच भाग. टाळ्या वाजवत होते. फोटो काढत होते. इकडे होडी त्याच्या बाजूला झुकली. जड झाली. कुणीतरी लटकावं तशी. एक नाही... पुष्कळ.

तो मारत सुटला. दिव्यांवर, पाण्यावर, होडीच्या कडेवर. कडाड. कडाड. माझ्या तोंडावर पाणी उडालं. गरम होतं.

"सोडा! उलटेल! सगळे मरू! सोड... सोड रे, दादा!"

दादा.

ताई हळूच म्हणाली, "दादा?"

त्याचं वल्हं वरच राहिलं. त्यानं ताईकडे पाहिलं.

"सात जण होते आत, वहिनी... आठवा चढला असता तर..."

वल्हं त्याच्या हातून खाली ओढलं गेलं. सोबत तोही.

वर आला तेव्हा दोन्ही हातांनी कड धरली होती. डोळे एवढाले. "वहिनी, धरा!"

मी ताईकडे पाहत होते. तिच्या पायाशी दुसरं वल्हं होतं. तिनं त्या वल्ह्याकडे पाहिलं.

...मग वाकली आणि त्याचं मनगट धरलं. दोन्ही हातांनी. सगळा जीव लावून ओढत होती बाई, दात आवळून, रडत.

आणि त्याची बोटं उघडायला लागली. तो उघडत नव्हता. खालून कुणीतरी उघडत होतं. एक. कट्. दुसरं. कट्. तो ओरडत होता. तिसरं. मागे... पार मागे. चौथं. ताईच्या मुठीतून मनगट निसटलं.

पाणी मिटलं. दिवे विझले. सगळे एकदम.

होडी आपोआप काठाला लागली. वल्हवायचं भान कुणाला होतं?

तो तिसऱ्या दिवशी सापडला. हात कसे होते ते मी सांगत नाही.

त्याच्या बायकोनं होडी तोडायला काढली. ताई म्हणाली, थांब. विळी घेऊन ती कडेवरचा रंग खरवडायला बसली. वरच्या वाळलेल्या थरात बोटं उमटली होती. बाहेरून धरलेली, शेजारी शेजारी, खोल. तो थर काढला. खालच्यातही तीच. त्याच्या खालच्यातही. जितक्या वर्षांचा रंग, तितक्या वर्षांची बोटं.

सगळं झाल्यावर ताईनं ती बसली होती ती फळी पुसायला घेतली. तिच्या जागेशेजारी, आतल्या बाजूला, एकच ओला पंजा होता. उजव्या हाताचा. तीन दिवस उन्हात पडलेली होडी, तरी ओला.

त्याची पाचही बोटं सरळ होती.