साडेतीनचा स्पिनर

भुताखेतांच्या गोष्टी मी कधी लिहिल्या नाहीत. पूजा, तुळशीचं पाणी, दुपारचा जप, वारांचे उपास... माझा दिवस एवढ्यातच सरतो.

पण हे माझ्या सख्ख्या थोरल्या बहिणीच्या घरी घडलेलं आहे. सेलूत. तिनं ते मला देवघरासमोर बसून सांगितलं, हातातली माळ खाली न ठेवता. माळ हातात असताना माझी बहीण खोटं बोलत नाही.

रात्र नव्हती.

अमावस्या नव्हती.

भाद्रपदातला एक मंगळवार होता, आणि दुपारचे साडेतीन वाजले होते.

माझ्या बहिणीचं नाव दैवशाला. तिचे यजमान दिनकरराव कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आता घरीच असतात. एकुलती एक लेक राजनंदिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली. मुलगा झाला. बारशाला नाव चांगलं मोठं ठेवलं, पण घरात सगळे त्याला सोनूच म्हणायचे. तेव्हा तो सव्वा महिन्याचा होता.

आणि नेमकं त्याच दिवसांत घरातलं मशीन बंद पडलं.

सतरा वर्षांचं मशीन ते. दोन टबांचं. एका टबात कपडे धुवायचे, उचलून शेजारच्या स्पिनरमध्ये टाकायचे, की तो गरगर फिरून पाणी काढून टाकतो. त्या स्पिनरची मोटार जळाली होती आणि ड्रमला बुडाशी चीर गेली होती. चुडाव्याहून जावयाचा, गोपाळरावांचा, फोन आला की नवीनच घेऊन पाठवतो. दिनकरराव कुठले ऐकतात! जन्मभर यंत्रं दुरुस्त केलेला माणूस.

"पायाचं हाड मोडलं म्हणून माणूस टाकून देता का तुमी?" ते म्हणाले.

"बाबा, माणूस न्हाई ते," राजनंदिनी म्हणाली. "आता पेन्शन द्या त्याला."

पण शेवटी रंगनाथच आला. स्टेशन रोडला त्याचं दुरुस्तीचं दुकान आहे. एवढ्या जुन्या मशीनचा ड्रम कंपनी आता देत नाही, म्हणून त्यानं त्याच जातीच्या एका मोडीत निघालेल्या मशीनचा ड्रम आणला. मोटारीसकट.

दैवशालाताईनं त्याला आधी एकच विचारलं. ड्रम कुणाच्या घरचा? सुतकातलं सामान तर नाही ना?

रंगनाथ पाना फिरवत राहिला. बंद घर होतं, म्हणाला. लोक गाव सोडून गेले, सामान काढून टाकलं. दिनकरराव हसले की लोखंडाला कसलं आलंय सुतक. ताईनं गोमूत्र शिंपडलं आणि विषय सोडून दिला.

मशीन सुरू झालं. अगदी नव्यासारखं. रंगनाथनं झाकण उचललं, ब्रेक लागला, ड्रम थांबला.

आणि मग...

अर्धा वेढा उलटा फिरला. हळूच.

परत अर्धा वेढा सुलटा.

"स्प्रिंग नवी हाय काकू," रंगनाथ म्हणाला. "बसंल हळूहळू."

आता एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं कळायचं नाही. बाळाच्या कपड्यांचे दोन नियम आमच्याकडं आईपासून चालत आलेत. एक, बाळाचे लंगोट आणि दुपटी कधी पिळायची नाहीत. पिळली की बाळ आळेपिळे देतं, त्याचं अंग पिळवटतं. तशीच निथळत दोरीवर टाकायची. आणि दुसरा, दिवेलागणीनंतर बाळाचं चिंधूकसुद्धा बाहेर ठेवायचं नाही.

म्हणून सोनूचे कपडे ताई हातानं धुवायची. मशीनमध्ये फक्त मोठ्यांचे.

त्या दिवसांत बारा ते तीन लाईट जायची. तीनला आली की ताई मशीन लावायची. साडेतीनच्या सुमारास स्पिनर सुरू व्हायचा.

पहिल्याच दिवशी तिच्या लक्षात आलं...

स्पिनर सुरू झाला की सोनू रडायचा थांबतो.

कितीही भोकाड पसरलेलं असू दे. मागच्या पडवीत स्पिनर घुमायला लागला, की मधल्या खोलीत पाळण्यातलं पोर एकदम गप. राजनंदिनीला मोठी गंमत वाटायची. आज्याच्या मशीनवर जीव जडलाय म्हणायची. दिनकरराव तर गल्लीत सांगत सुटले.

ताईला मात्र गंमत वाटत नव्हती.

कारण सोनू आवाजाकडं कान देत नव्हता.

तो बघत होता.

पडवीच्या दाराकडं. उभ्या माणसाचं तोंड जिथं येईल, तेवढ्या उंचीवर. आणि त्याची नजर... दारापासून हळूहळू पाळण्याकडं सरकत यायची. कुणीतरी चालत आत यावं तशी.

सव्वा महिन्याच्या लेकराची नजर कुठं ठरते? ताईनं स्वतःला समजावलं. जपाच्या दोन माळा वाढवल्या.

मग आणखी एक गोष्ट.

स्पिनरचं पाणी पाइपातून मोरीत पडतं. त्याचा आवाज येतो. चार-पाच दिवसांनी ताईच्या ध्यानात आलं की तो आवाजच येत नाही. तिनं जाऊन बघितलं. ड्रम घुमत होता, आत भिजलेल्या दोन साड्या होत्या, आणि पाइपातून थेंबसुद्धा पडत नव्हता.

साड्या कोरड्या निघाल्या.

पाणी कुठं गेलं, कुणाला सांगता आलं नाही. रंगनाथ येऊन पाइप फुंकून बघून गेला. पाइप मोकळा होता.

आणि मग तो मंगळवार आला.

तीन दिवस आभाळ दाटलेलं. ऊन नाही, वारा नाही. दोरीवरचे सगळे लंगोट तसेच ओलेगच्च. घरात एकही कोरडं दुपटं उरलं नव्हतं. दिनकरराव बाजारात गेले होते. राजनंदिनी मधल्या खोलीत सोनूला पाजत बसली होती.

ताई दोरीखाली उभी राहिली. कपडे काढले तर लेकराला घालायला काही नाही. ठेवले तर दिवेलागणीपर्यंत वाळणार नाहीत. एक नियम पाळावा तर दुसरा मोडतो.

तेव्हा तिनं मनाची समजूत घातली. पिळतो तो माणसाचा हात. मशीन कुठं पिळतं? मशीन तर नुसतं फिरवतं.

तिनं ते सगळे लंगोट गोळा केले, स्पिनरमध्ये टाकले, झाकण लावलं आणि बटण फिरवलं.

घड्याळात साडेतीन झाले होते.

ड्रम घुमायला लागला.

पहिल्यांदा थांबले ते पारवे. मागच्या भिंतीवर दिवसभर घुमत बसायचे ते. एकदम गप्प.

मग शेजारच्या घरातला टीव्ही ऐकू येईना.

मग...

"आई," राजनंदिनीचा आवाज आला. अगदी बारीक. "आई, लेकराला बघ."

ताई धावली. सोनू लेकीच्या मांडीवर होता. रडत नव्हता. तोंड उघडं, पण आवाज नाही. आणि त्याचं अंग... वळत होतं. खांदे एका अंगाला, कंबर दुसऱ्या अंगाला. ओलं फडकं दोन्ही हातांनी धरून पिळावं तसं. राजनंदिनी त्याला दोन्ही हातांनी धरून ठेवत होती आणि तिच्या हातांना ते धरवत नव्हतं.

पडवीत स्पिनरचा वेग वाढला. मधल्या खोलीपर्यंत त्याची घरघर ऐकू आली.

सोनूचे ओठ काळेनिळे पडायला लागले.

ताई पडवीत आली. बटण बंद केलं.

ड्रम थांबला नाही.

झाकण उघडलं. झाकण उघडलं की ब्रेक लागतो.

ब्रेक लागला नाही.

तिनं वायर धरून ओढली. प्लग भिंतीतून सुटून तिच्या हातात आला.

ड्रम फिरतच होता...

हातात प्लग, आणि समोर मशीन चालू. आत लंगोटांचा पांढरा गोल. बाकी काही दिसत नव्हतं. पण तिला वाटलं की मशीनच्या पलीकडं, भिंतीच्या अन् मशीनच्या मधल्या वीतभर जागेत, कुणीतरी वाकून काम करतंय. बाई वाकते तसं. कपडे धुताना.

ताईला देवाचं नाव आठवेना. रोज हजारदा घेतलेलं नाव, तोंडात आलंच नाही. जे आलं ते तिचं तिलाही कळायच्या आत बोलून झालं होतं.

"पिळू नको ग माय. लेकरू हाय ते. जोजवायचं असंल तर जोजव... पण पिळू नको."

ड्रमचा वेग उतरला.

एकदम नाही. हळूहळू. मग तो अर्धा वेढा उलटा फिरला. अर्धा सुलटा. परत उलटा. परत सुलटा. पाळण्याला दोरी लावून बसलेल्या बाईचा हात जसा चालतो, तसा.

मधल्या खोलीतून सोनूचं रडणं ऐकू आलं. मोठ्यानं, खणखणीत. तेवढं गोड रडणं आपण जन्मात ऐकलं नाही, असं ताई म्हणते.

मग तेही थांबलं. राजनंदिनी म्हणाली, झोपला.

ड्रम थांबल्यावर ताईनं आत हात घातला. तिचा हात तिथंच राहिला.

लंगोट कोरडे होते. गरम होते.

आणि प्रत्येकाची तिकोनी घडी घातलेली होती. लेकराला बांधायला घालतात तशी. एकावर एक, नीट रचून.

"कुणासंग बोलायलीस आई?" राजनंदिनीनं आतून विचारलं.

"देवासंग," ताई म्हणाली. त्या वेळी तिच्या हातात माळ नव्हती.

दिनकरराव घरी आल्याबरोबर तिनं त्यांना एवढंच सांगितलं की हा ड्रम आज घरात राहणार नाही. का ते सांगितलं नाही. पण बायकोनं तीस वर्षांत पहिल्यांदा आवाज चढवलेला बघून ते तसेच जाऊन रंगनाथला घेऊन आले. दिवेलागणीच्या आत ड्रम आणि मोटार घरातून गेली.

ताईनं उदबत्ती लावली. सुटलो, असं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी साडेतीनला सोनू रडायला लागला.

दाराकडं बघून. थांबला तो रात्री दमून. अंगावर पिईना. चमच्यानं पाजलं तर ओकून टाकलं. तिसऱ्या दिवशीही तेच. डॉक्टरांनी तपासलं, सगळं ठीक आहे म्हणाले, थेंब लिहून दिले. चौथ्या दिवशी लेकराची टाळू आत गेली. राजनंदिनी ताईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली की आई, काहीतरी कर ग.

ताई रात्रभर देवासमोर बसली. काय करायचं ते तिला ठाऊक होतं. तेच करायचं नव्हतं.

सकाळी ती एकटी चालत स्टेशन रोडला गेली. रंगनाथ दुकानाचं शटर वर करत होता. ड्रम आत कोपऱ्यात, पोत्याखाली झाकून ठेवलेला. तो परत बसवून दे, म्हणाली.

रंगनाथनं कशाला म्हणून विचारलंच नाही. उलट त्याच्या तोंडावर सुटका दिसली.

"न्या काकू. मलाबी दुकानात नको झाला होता त्यो."

ताईनं विचारलं, त्या घरात लहान लेकरू होतं का?

रंगनाथनं शटर पुरतं वर ढकललं.

"लेकरू नव्हतं," तो म्हणाला. "सून होती. सात वर्षं कूस उजवली न्हाई तिची. पुढचं मला इचारू नका."

त्या दुपारी साडेतीनला ताईनं रिकामा स्पिनर लावला. आत एक चिंधी नव्हती. सोनू रडता रडता गप झाला. त्याची नजर दारापासून सरकत पाळण्याशी आली, वर गेली आणि तिथं थांबली.

मग तो हसला.

त्या संध्याकाळी तो पोटभर प्याला.

त्यानंतर रोज. साडेतीनला, पाच मिनिटं, रिकामा. लेकरू बाळसं धरायला लागलं. दिनकरराव म्हणायचे की बघा, जुनं ते टिकाऊ. राजनंदिनीला त्या मंगळवाराचं एवढंच ठाऊक की सोनूला झटका आला होता आणि आईच्या जपानं तो टळला.

दिवाळीनंतर ती सासरी निघाली. निघायच्या आदल्या दिवशी तिनं बापाजवळ एक मागणं केलं. नवीन मशीन नको, हेच द्या. ह्याच्याशिवाय लेकरू झोपत न्हाई.

दिनकररावांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी स्वतः मशीन पुसलं, दोरीनं बांधलं, चुडाव्याच्या टेम्पोत चढवलं.

ताई उंबऱ्यात उभी होती. सांगायचं तर लेक ते कधीच नेणार नाही. नाही नेलं तर सोनूची टाळू परत आत जाईल. आणि सांगायचं तरी काय? की तुझ्या लेकराला जोजवायला मीच कुणाला तरी हो म्हणाले?

तिनं सोनूच्या कानामागं काजळाचा टिक्का लावला. टेम्पो गेला.

हे सगळं तिनं मला सांगितलं ते आता चार महिन्यांपूर्वी. मी विचारलं, पोर बरं आहे ना? बरं आहे म्हणाली. गुटगुटीत आहे. पालथं पडतं.

मग माळेचे मणी ओढता ओढता तिनं पुढचं सांगितलं.

राजनंदिनी रोज फोन करते. पण साडेतीनला आपण लावला तर उचलत नाही. चार वाजता स्वतःच करते. सोनू झोपला म्हणते.

कुणी झोपवलं, हे ताई विचारत नाही.