उजवा खांदा

"अक्का, केस धरू?"

सिद्धूला खांद्यावर बसवलं की तो पहिलं हेच विचारायचा, आणि मी हो म्हणायच्या आधीच धरायचा. एक्कावन्न वर्षं झाली त्याला. तो चार वर्षांचा, मी दहाची. भादव्यात जळकोटच्या ओढ्यात तो वाहून गेला आणि दोष आला गुंडप्पाअण्णावर, माझ्याहून दोन वर्षांनी थोरल्या भावावर. अप्पांनी त्याला बैलाच्या कासऱ्यानं मारलं. महिन्याभरात तो तामलवाडीला मामाकडं गेला, तो तिथलाच झाला. पुढं जन्मभर सोलापूरच्या अडतीत पोती वाहिली.

दोष त्याचा नव्हता. ते मला ठाऊक होतं, आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं.

बाकी आयुष्य सरळ गेलं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं, लग्न केलं नाही. आता दोन खोल्या आणि मी. दुपारी इतकं शांत असतं की फोडणीतली मोहरी तडतडली तरी कुणी आल्यासारखं वाटतं.

गेल्या पौषात जेवणानंतर पोटात कळा येऊ लागल्या. पित्ताशयात खडे निघाले. धाराशिवच्या दवाखान्यात डॉक्टर राजनंदिनींनी कागदावर पोट काढून त्यावर चार टिंबं दिली.

"दुर्बिणीचं ऑपरेशन आहे, बाई. एक भोक बेंबीपाशी, तीन वर. आत दिसायला जागा हवी म्हणून पोटात गॅस भरतो. पिशवी काढली की संध्याकाळी तुम्ही चालाल, दुसऱ्या दिवशी घरी. आठवडाभर तेल-तूप नको. आणि उजवा खांदा दुखेल. त्या गॅसमुळं. दोन-तीन दिवसांत जातो, घाबरायचं नाही. सोबत कोण असेल? नातेवाइकाची सही लागते."

मी अण्णाला फोन केला. "येतो," म्हणाला. इतकंच.

मंगळवारी सकाळी तो आला. उजवा खांदा कायमचा पडलेला, मान डावीकडं. हमालीचा खांदा, असंच लोक म्हणायचे. सही करताना त्यानं कागद छातीपाशी धरला, जणू काही सांडेल.

"घराला कुलूप लावलंस का?" त्यानं विचारलं.

"लावलं."

"तुझ्या घरात चोर आला तर त्योच दोन भांडी ठिवून जाईल."

स्ट्रेचर हलायला लागलं तशी मी त्याचा हात धरला. सांगून टाकावं. पोट उघडणारच आहेत, तर हेही.

"अण्णा."

"काय?"

"काही नाही. चहा पिऊन घे."

आतल्या घड्याळात साडेअकरा झाले होते. तोंडावर मास्क आला, दिव्याभोवती एक कडं दिसलं, आणि संपलं.

जाग आली ती वॉर्डात. पोट जडशीळ, तोंड कोरडं. अण्णा स्टुलावर बसला होता. त्याच्यात काहीतरी निराळं दिसत होतं. फार वेळ बघितल्यावर कळलं. त्याचे दोन्ही खांदे एका रेषेत होते. भुलीचा अंमल असेल, असं मी स्वतःला सांगितलं.

खांदा दुखायला लागला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच, उजवा.

संध्याकाळी सिस्टर निकितानं मला चालवलं. ढोकीच्या सत्यभामाबाई शेजारच्या खाटेवर होत्या, त्यांचंही तेच ऑपरेशन झालेलं. त्या बघत राहिल्या.

"बाई, तुमी अशा का चालताव? लेकरू बसवल्यावानी?"

निकिता हसली. मीही हसले. तेव्हा आईची ओवी आठवली. ज्वारी खुडताना ती सिद्धूसाठी म्हणायची:

बाळ बसलं खांद्यावरी, खांदा झाला देवघर
पाय दोन घुंगराचे, वाजती गं उरावर

भादव्यानंतर आईनं ती कधी म्हटली नाही.

बुधवारी अण्णानं जीप करून मला जळकोटला सोडलं, कण्या रांधून ठेवल्या आणि तामलवाडीला गेला. जाताना उंबऱ्यात घुटमळला. "खांदा दुखला तर कळव," म्हणाला. पोटाचं विचारलं नाही.

शुक्रवार गेला. शनिवार गेला. पोटाची भोकं सुकत आली, भूक लागू लागली. खांदा तसाच. दुखणं ओसरलं होतं खरं; राहिलं होतं ते वजन. बसले की बसायचं. वाकले की ते घट्ट व्हायचं.

मी अंबाडा घालते. दुपारी आरशापुढं जावं तर उजव्या अंगाचे केस सुटलेले असायचे, मूठभर, पिळल्यासारखे. ब्लाउजचा खांदा ओलसर लागायचा. घाम म्हणावा, तर माघाची थंडी होती.

रविवारी मी सोप्यात बसून पेज पीत होते. छातीवर, उजवीकडं, काहीतरी हलकंच आपटलं.

मग थोडं खाली, दुसरं.

पुन्हा पहिलं.

टाचा.

मी पेज संपवली. वाटी धुतली. दार उघडं ठेवून माणसं जाता-येता दिसतील असं बसून राहिले.

दहाव्या दिवशी टाके काढायला अण्णा सोबत आला. डॉक्टरांनी खांदा दाबून पाहिला, सोनोग्राफी केली. "गॅस कधीच गेला, बाई. आत काही नाही."

दुपारी आम्ही स्टँडवर जळकोटच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसलो. अण्णा ताठ बसला होता. बारा वर्षांचा असताना बसायचा तसा.

"तुझा खांदा बरा दिसतो," मी म्हटलं.

"व्हय. हलकं वाटतंय." त्यानं खांद्यावरून हात फिरवला. "करमत न्हाय."

छातीवर टाच लागली.

"अण्णा, सिद्धू तुझ्यापाशी न्हवता. म्या खांद्यावर घेतला हुता. केस वढत हुता म्हणून मधल्या खडकावर ठिवला. वेणी बांधाया दोनी हात वर केले. वळून बघितलं तर खडक मोकळा. घरी म्या सांगितलं, अण्णापाशी हुता."

एक गाडी लागली, भरली, गेली.

"म्हाईत हाय," अण्णा म्हणाला.

"कुणी सांगितलं?"

त्यानं मान वळवली. माझ्याकडं बघितलं नाही. माझ्या खांद्याच्या वीतभर वर बघितलं, आणि त्याचा चेहरा निवळला.

"त्या मंगळवारपतोर माझ्याकडंच हुता की."

मग त्यानं हात पुढं करून माझा अंबाडा सोडला आणि केस उजवीकडं घेतले.

"असे मोकळे ठिवत जा, महानंदे. धरू दे त्याला. पडायचं लई भ्या वाटतं."