सनियामावशीची भिंत

मे महिन्याच्या अखेरीस पेपर तपासून झाले, की मी रंगांचे डबे बाहेर काढते. वर्षभर मी नाईल नदीपलीकडे लुक्सरला मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवते. सकाळी साडेसहाच्या बोटीने जायचं, दुपारी अडीचच्या बोटीने यायचं. सुट्टीत मात्र माझे हात चुन्यात असतात. आमच्या पश्चिम तीरावर कोणी हजला गेलं, की तो माणूस परतायच्या आत त्याच्या घराची भिंत रंगवून तयार ठेवावी लागते. जहाज, उंट, विमान, काबा, आणि दारापाशी त्या माणसाचं मोठं चित्र. जहाजाने आता कोणीच जात नाही, तरी जहाज काढावंच लागतं. एका वर्षी गाळलं, तर लोक मला विचारायला लागले, "बाई, हा गेला कसा मग, पोहत?"

त्या वर्षी भिंत होती सनियामावशीची. ती माझ्या आईची लहानपणापासूनची मैत्रीण. मध्ये फक्त एक गल्ली, तीही एक गाढव आडवं उभं राहिलं तर बंद होणारी. कंबरेचं हाड मोडल्यापासून दोन वर्षं आई ज्या खिडकीपाशी खाटेवर पडून होती, तिच्या बरोबर समोर ती भिंत.

हजच्या सोडतीत आईने आठ वेळा नाव घातलं होतं. सनियामावशीने एकदाच घातलं आणि एकदाच निघालं. ते कळलं त्या दिवशी मावशी आमच्या उंबऱ्यापर्यंत आली आणि तिथेच घुटमळली.

"आत ये की गं," आई खाटेवरून म्हणाली. "मी काय चावते?"

"बहिया, काहीतरी चुकलंय गं त्यांचं. तुझं निघायचं ते माझं निघालं."

"काही चुकलेलं नाही. तू पहिल्यापासूनच लबाड. तुतीवर चढायचे मी आणि तुती खायचीस तू."

दोघी हसल्या. मग मावशी आईच्या पायांशी बसून रडली, आणि आईच तिची समजूत घालत राहिली.

आईला वेड दोनच गोष्टींचं. एक हज आणि दुसरं शेख मुनीर यांचं गाणं. शेख मुनीर दुपारच्या नमाजानंतर मंडपात उभे राहत, हातात जपमाळ, मागे एक बासरी आणि एक डफ. नबीची गोष्ट गात गात सांगायचे. मध्येच थांबून दोन शब्द समजावून द्यायचे, मध्येच स्वतःच रडायचे, आणि ते रडू तसंच पुढच्या ओळीच्या सुरात मिसळून जायचं. मोठमोठे दांडगे शेतकरी माना हलवत डोळे पुसायचे. अल्लाच्या नावाची गोडी मला जी काय लागली ती त्या मंडपात, आईच्या मांडीला मांडी लावून. आई तासभर आधी जायची आणि स्वतःच्या बाजूला आपली काळी शाल अंथरून ठेवायची. मी बोटीवरून उतरून उशिरा धावत पोचायचे. शेकडो डोक्यांवरून तिचा हात वर झालेला दिसायचा. "रावया! इकडे! जागा धरलीय!" त्या शालीवर पाय ठेवायची कोणाची छाती नव्हती.

सनियामावशी गेली आणि मी भिंतीला चुना लावायला घेतला. उजव्या टोकाला आपलं गाव, डाव्या टोकाला काबा, मध्ये सगळी वाट. आई खिडकीतून माझ्या चुका काढायची.

"उंट आहे की शेळी?"

"उंट आहे, आई."

"मग त्याला सांग तसं."

तिसऱ्या दिवशी ती हळूच म्हणाली, "रावया, त्या गर्दीत माझी एक चिमुकली काढ ना. पाठमोरी काढ. कोणाला कळणारे?"

ज्यांच्या हाताखाली मी भिंती शिकले, त्या उस्ताद वहीदांनी एकच नियम घालून दिला होता. जो गेला नाही त्याचं चित्र काढायचं नाही. ती खोटी साक्ष होते. मी आईला तेच सांगितलं. आई म्हणाली, "बरं बाई." आणि भिंतीकडे बघत राहिली. ते "बरं बाई" अजून माझ्या कानात आहे.

चौथ्या दिवशी सकाळी जहाजाच्या शिडीपाशी एक बाई होती. करंगळीएवढी. पाठमोरी, पांढरा झगा, हातावर काळी शाल.

मला वाटलं, माझ्या लेकीचा उद्योग. नेअ्मा तेव्हा अकराची. तिला बोलावलं.

"हे तू काढलंस?"

"मी? मला हात काढता येत नाहीत, माहितेय ना तुला. मी सगळ्यांचे हात खिशात घालते."

आणि त्या बाईचा हात फार छान होता. मनगट जरासं वळलेलं, शाल सावरताना वळतं तसं. मी नखाने खरवडून पाहिलं. रंग वरवर लावलेला नव्हता. माझ्या चुन्याच्या आतून आलेला होता, आणि चुना तर मी स्वतः लावला होता.

माझा नवरा शाज़ली बोटीच्या इंजिनावर कामाला आहे. त्याच्या दृष्टीने प्रत्येक गोष्टीला कारण असतं. "उन्हात डोकं तापलंय तुझं. तूच काढलं असशील आणि विसरली असशील."

"मी माझा हात ओळखते."

"मग पुसून टाक."

मी पुसलं नाही. पेन्सिलीने तिच्या पायाशी एक बारीक रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ती रेघेच्या चार बोटं पुढे होती.

त्या आठवड्यात आई दिवसा फार झोपायला लागली. जागी झाली, की एकामागून एक तीन-तीन पेले पाणी प्यायची.

"दमले गं," म्हणायची.

"कशाने दमलीस?"

"अशीच." आणि एकदा, डोळे मिटूनच, "तुझा उंट अगदी वाटेत बसलाय."

रोज दुपारी मी तिचे पाय पुसायचे. दोन वर्षं ते पाय थंड असायचे, पाणी भरलेल्या माठासारखे. एके दिवशी फडकं टाकून मी हातानेच चाचपले. अंगाला ताप नव्हता. तळपाय मात्र गरम होते, उन्हातून वाळवंट तुडवून आलेल्या माणसाचे असावेत तसे.

मी बाहेर आले. बाई उंटाला वळसा घालून पुढे गेली होती.

अराफातचा, म्हणजे हजचा मुख्य दिवस उद्यावर आला, तेव्हा ती काब्याभोवतीच्या गर्दीपासून पाच-सहा बोटं लांब होती. गर्दी मी दाट काढली होती, डोक्याला डोकं लागलेली. मी खूप वेळ भिंतीसमोर उभी राहिले. चित्रकलेच्या मास्तरणीला अंतराचा अंदाज असतो. रोज चार बोटं. म्हणजे उद्या किंवा परवा.

ती तिथे पोचली, की इकडे खाटेवर काय राहणार, हे मला कोणी सांगायला नको होतं.

मी कुंचला चुन्यात बुडवला आणि तिच्यावर फिरवला. वाळल्यावर पुन्हा फिरवला. भिंतीवर तळहाताएवढं पांढरं राहिलं.

आतून आईची हाक आली. अशी हाक मी कधी ऐकली नव्हती.

ती उठून बसली होती. दोन वर्षांत आधाराशिवाय पहिल्यांदा. डोळे सताड उघडे, माझ्याकडे वळलेले, आणि मी त्यांत नव्हते.

"रावया, सगळं पांढरं झालं गं. वाट दिसत नाही."

"आई, मी आहे ना इथे."

"माणसं कुठे गेली? आत्ता तर होती. मला सोडून गेली सगळी." तिचा हात हवेत चाचपडत होता.

"आई, मी आहे. माझा हात धर."

तिने धरला. तिला माझा हात कळला. "तू आहेस गं," ती म्हणाली. "पण मला जायचंय."

मी बाहेर गेले. भर दुपार, गल्लीत कुत्रंही नव्हतं. आधी सुरीने, मग नखांनी चुना खरवडला. एक नख उलटलं. पांढऱ्याखालून पांढरा झगा वर आला.

ती वाटेतच खाली बसली होती. शाल डोक्यावरून घेतलेली.

मी भिंतीला कपाळ टेकलं. भिंत तापली होती. नियम गेला, उस्ताद गेले, माझं शहाणपण गेलं. मी म्हटलं, "जा, आई."

आत आले तेव्हा आई आडवी होऊन शांत झोपली होती. ओठ हलत होते. शेख मुनीर यांचीच एक चाल.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या अजानीला ती गेली. मी पाय पुसत होते. गरम होते, आणि बराच वेळ गरमच राहिले.

सनियामावशी परत आली तेव्हा ढोल वाजले, खजूर वाटले. दारापाशीचं स्वतःचं चित्र तिने पाहिलंच नाही. सरळ काब्याच्या गर्दीपाशी गेली आणि त्या करंगळीएवढ्या बाईवर बोट ठेवलं.

"हिला कोणी काढलं?"

मी हातातलं खजुरांचं ताट खाली ठेवलं.

"तिथे गर्दीतही शाल अशीच होती हिच्या हातावर," मावशी म्हणाली.

त्याला आता दीड वर्ष झालं. शाळा चालू आहे, बोट चालू आहे, नेअ्माला हात काढता येऊ लागलेत. येता-जाता मी भिंतीपाशी थांबते. आई बरी असेल ना, एवढंच बघायला.

या हिवाळ्यात एक गोष्ट लक्षात आली. आईच्या शेजारी गर्दीत एक फट पडली आहे. मी तिथे माणसं काढली होती, मला पक्कं आठवतं. तीन वेळा रंग भरला. रात्रीतून गळून खाली पडतो. सकाळी उंबऱ्याशी पापुद्रे असतात. फटीतली जमीन वाळूच्या रंगाची नाही, काळी आहे. आईच्या हातावर आता शाल नाही.

आणि ती पाठमोरी राहिलेली नाही. आमच्या दाराकडे वळली आहे. एक हात डोक्यांवरून वर केलेला.

सोडतीत मी नाव घातलेलं नाही. लेक लहान आहे, शाज़लीला स्वयंपाक येत नाही, आणि अजून पुष्कळ भिंती व्हायच्या आहेत. मी कुठेही जाणार नाही असं मी भिंतीसमोर उभी राहून स्पष्ट सांगितलंय.

काल दुपारी बोटीवरून आले आणि जरा आडवी झाले. नेअ्मा माझ्या पायांशी बसून चित्र काढत होती. तिचं कोपर माझ्या पायाला लागलं, आणि तिने ते चटकन मागे घेतलं.

"आई," ती म्हणाली, "तुझे तळपाय केवढे गरम झालेत!"