झरनाबाईंची जागा

बस आबिदा, चहा घे. उद्यापासून अल हिलालच्या त्या घरी तुझी ड्युटी, तेव्हा पेशंटची माहिती तुला नीट द्यायला हवी. औषधांचा कागद लिहून ठेवलाय. हे मात्र कागदावर लिहिता येत नाही.

पेशंट म्हणजे झरनाबाई. एके काळच्या कलकत्त्याच्या कॅबरे डान्सर. मिस झरना नाचणार म्हटलं की हॉटेलात टेबल मिळायचं नाही म्हणे. मग नाटकं केली, सात-आठ सिनेमे केले आणि प्रत्येक सिनेमात मध्यंतराआधी मेल्या. हे त्या स्वतःच हसून सांगायच्या. अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि २००१ला मुलाने, तपनबाबूंनी, इकडे आणलं. बाई मात्र आल्या वेगळ्याच कारणाने. तिकडे सारखी वीज जायची. दोह्यात जात नाही.

पहिल्याच दिवशी मला म्हणाल्या, "जोस्लीन, बत्ती कभी बंद नहीं करना. वादा करो."

मी म्हटलं, प्रॉमिस. म्हातारपणाचे चाळे, दुसरं काय.

पुढे कधीतरी त्यांनी कारण सांगितलं. शोमध्ये मध्येच दिवे घालवायचे. त्या अंधारात तशाच कपड्यांतली दुसरी मुलगी बाईंच्या जागेवर येऊन उभी राहायची आणि बाई हॉलच्या पार टोकाला जायच्या. दिवे लागले की दोन्हीकडे मिस झरना. एकदा बाईंना शूटिंग होतं, म्हणून अख्खा शो त्या मुलीने केला. नंतर मेकअपच्या खोलीत तिचा नायलॉनचा झगा पेटला. मालकाने गवगवा होऊ दिला नाही. दुसऱ्या दिवशी मिस झरना नाचल्या, म्हणजे मिस झरना जिवंत. मग मेलं कोण? कोणीच नाही.

"नाम क्या था उसका?" मी विचारलं.

"कभी पूछा ही नहीं." मग अगदी हळू म्हणाल्या, "अँधेरा होते ही आती है. मेरी जगह खड़ी होने. किसी दिन हटेगी नहीं... तुम उसको मेरी जगह मत देना."

गेल्या गुरुवारची दुपार. बाहेर धुळीचं वादळ. ऊन आत येऊ नये म्हणून खिडक्यांना फॉइल चिकटवलेली, त्यामुळे खोलीत दिव्याशिवाय उजेडाचा कण नाही. बाई झोपल्या होत्या. मी सूप आणायला उठले आणि जाता जाता हात बटणावर गेला. आमच्या घरी रिकाम्या खोलीत दिवा राहिला की बाबा सगळ्या आळीला ऐकू जाईल असे ओरडायचे. ती सवय. वसईची सवय दोह्यात नडली.

दोन पावलं गेल्यावर लक्षात आलं. मागे वळले तर आत टाचांचा आवाज. टाक... टाक... फरशीवर, सावकाश. जळक्या नायलॉनचा वास नाकात शिरला. मी भिंत चाचपू लागले आणि हाताला पाठ लागली. उघडी, तापलेली पाठ. झग्याची दोन टोकं, एक हूक.

"लगा दो..." कोणीतरी कुजबुजलं.

आबिदा, मी हूक लावला गं. का, ते मला आजही कळत नाही. दोन वर्षं त्यांना कपडे घालून घालून बोटं आपोआप चालली.

दिवा लावला. बाई पलंगावरच होत्या, नेहमीच्या गाउनमध्ये. पण बसलेल्या. आणि उजव्या हाताने केस नीट करत होत्या.

काय म्हणतेस? अल्लाची मेहेरबानी? तपनबाबूही रडले, डॉक्टरांनी फिजिओथेरपीचं कौतुक केलं. तिसऱ्या दिवशी बाई घरभर चालत होत्या. दिवा असो नसो, त्यांचं काही म्हणणं नाही. मला मात्र झोप नाही. त्या बाईने एकच गोष्ट मागितली होती माझ्याकडे आणि ती माझ्याच हाताने गेली. झरनाबाई कुठे आहेत, हे मी कोणाला विचारू?

काल निघताना चपला घालत होते. झरनाबाईंना मराठीचा एक शब्द येत नव्हता, हे तपनबाबूंनाही विचार. मागून आवाज आला, थेट आमच्याकडच्या हेलाने.

"पोरी, तू कोणाची गं? वसईची ना?"

मी मान हलवली. त्या जवळ आल्या, माझा हात हातात घेतला.

"गावी गेलीस की माझ्या आईला सांगशील? म्हणावं, तुझी मुलगी मेली नाही."