मे महिन्यातल्या एकतीस खुर्च्या

“आज नदीवर जाणं रद्द!” खारूने जाहीर केलं. “बाबांची नोकरी वाचवायची आहे!”

धाकटा ढब्बू रडवेला झाला. शेजारच्या एक्सप्रेसने मात्र चाकं वळवलीसुद्धा. उतारावर त्याच्या चाकाच्या खुर्चीला कुणी गाठू शकत नसे, म्हणून तर ते नाव!

बाबा अशाच खुर्च्या दुरुस्त करत. कारखान्यात आलेल्या नव्या साहेबांनी संगणकावर आलेख काढून भिंतीवर लावला होता. दर महिन्याला दोन खांब. निळा, आलेल्या खुर्च्यांचा; लाल, दुरुस्त होऊन गेलेल्यांचा. एप्रिलमध्ये अठ्ठेचाळीस आल्या, अठ्ठेचाळीस गेल्या. मेमध्ये आल्या बावन्न, गेल्या फक्त एकोणीस!

“उद्यापासून दुसरा मिस्त्री येईल,” साहेबांनी सुनावलं होतं.

बाबांनी सकाळपासून घासही गिळला नव्हता. “मी खरंच हळू झालो असेन गं,” एवढंच म्हणाले. महिनाभर मान मोडून काम करणाऱ्या माणसाला स्वतःचीच खात्री वाटेनाशी व्हावी!

कारखान्यात पोचल्यावर आलेखासमोर एक्सप्रेस थबकला. “एप्रिलच्या सगळ्या एप्रिलमध्येच गेल्या? काहीतरीच! माझी खुर्ची अठ्ठावीस एप्रिलला आली आणि सहा मेला परत मिळाली. आठ दिवस पलंगावर कंटाळून मेलो होतो!”

खारूचे डोळे चमकले. “दर खुर्चीचं कार्ड असतं. त्यावर दोन्ही तारखा असतात. चला!”

बाबांना विचारून त्यांनी कार्डांचं खोकं उघडलं. फरशीवर बसून खारूने गेल्याच्या तारखेप्रमाणे कार्डं लावली. ढब्बूने मेचा गठ्ठा मोजला, चुकला, पुन्हा मोजला.

“पन्नास! ताई, पन्नास!”

“साहेबांना थेट चूक दाखवली तर हाकलून देतील,” खारू कुजबुजली. “त्यांच्याकडूनच वदवून घेऊ.”

एक्सप्रेस भोळा चेहरा करून केबिनमध्ये शिरला. “साहेब, माझी खुर्ची कोणत्या महिन्यात परत गेली हो?”

साहेबांनी ऐटीत बटण दाबलं. “एप्रिल!”

“मग सहा मेपर्यंत मी पलंगावर कुणाची वाट बघत होतो?”

साहेब पडद्याकडे बघतच राहिले. गेल्याची तारीख खरोखरच सहा मे होती!

खारू पुढे झाली. “तुम्ही आलेखाच्या खाली दोन्ही खांबांसाठी खुर्ची आल्याचाच महिना ठेवलात. म्हणून एप्रिलमध्ये येऊन मेमध्ये गेलेल्या एकतीस खुर्च्या एप्रिलच्या लाल खांबात गेल्या! खाली नुसते महिने ठेवा. निळा खांब आल्याच्या तारखेने मोजा, लाल गेल्याच्या.”

साहेबांनी तसं केलं. मेचा लाल खांब पन्नासला जाऊन थांबला.

“मिस्त्री, माफ करा,” साहेब उठून दारात आलेल्या बाबांना म्हणाले. “पोरं हुशार आहेत तुमची. तिघंही!”

बाबा आत आले. तिघांच्या डोक्यांवरून त्यांनी हात फिरवला.

साहेबांचा चेहरा मात्र उतरला होता. “गेल्या महिन्यात... दुसऱ्या कारखान्यातल्या मिस्त्रीणबाईंना मी असाच आलेख दाखवून कामावरून काढलं.”

बाबांनी टेबलावरचा फोन उचलून साहेबांच्या हातात दिला.

“आत्ता लावा,” ते म्हणाले. “त्या बाईंनाही वाटत असेल, आपणच हळू झालो.”