आजींच्या मनगटांवरचे वळ

"मी काहीच केलं नाही हो!" शुश्रूषागृहातली सेविका ताईच्या दारातूनच म्हणाली. "आठ दिवस माहेरी होते. आज सकाळी आजींना अंघोळीला नेलं, बाही वर केली तर हे वळ! मीच धावत जाऊन सांगितलं, आणि आळ माझ्यावरच. पोलिसांत देणार म्हणतात."

ताईनं चपला पायांत सरकवल्या. ताई खासगी तपासाची कामं घ्यायची. धाकटा भाऊ तिच्या मागे मागे हिंडायचा, बहुतेक वेळा काही न कळता.

शुश्रूषागृहात आजी खुर्चीत बसल्या होत्या. पक्षाघातानं वाचा गेलेली. दोन्ही मनगटांना एकसारख्या रुंदीचे वळ, गोल फिरलेले, कडा पिवळट-हिरव्या.

"अंघोळ घालताना हिनंच हात पिरगाळले," इनचार्ज म्हणाल्या. "राग काढला, दुसरं काय!"

आजींची मुलगी परगावाहून दुपारीच आली होती. रडून रडून तिचा आवाज बसला होता. "आईला धड ओरडतासुद्धा आलं नसेल हो."

सेविका माहेरी असताना आजींचं सगळं तिची थोरली जाऊ करत होती; तीही इथंच कामाला. हिला इथं चिकटवलं होतं तेही तिनंच. "रोज अंघोळ मीच घातली," थोरली म्हणाली. "कालपर्यंत साधा ओरखडा नव्हता."

ती जवळ येताच आजींनी दोन्ही हात पुढे केले, मनगटाला मनगट लावून.

"खाऊ मागतायत वाटतं," भाऊ हसला.

ताई हसली नाही. ती भिंतीवरचा ड्युटीचा तक्ता वाचत होती. चोवीस आजारी माणसं, आठही दिवस सेविका एकच. खाली इनचार्जची सही.

मग ती वळली.

"हात पिरगाळला तर बोटं उमटतात. इथं एकही बोट नाही. ही आवळलेली पट्टी आहे. ताजा मार लाल-निळा दिसतो, पिवळा पडायला चार-पाच दिवस जातात. तेव्हा ही माहेरी होती. आणि रोज अंघोळ घालणारीला म्हणे काहीच दिसलं नाही!"

"म्हणजे?" भावानं विचारलं.

"आजी खाऊ मागत नव्हत्या. बांधायला हात देत होत्या."



थोरली खाली बसली. "एकीला भरवायला गेले की दुसरी उठून पडायची. चोवीस जण, मी एकटी. इनचार्ज म्हणाल्या, जेवणाच्या वेळी बांधून ठेव. आज म्हणाल्या, एकतर तुझं नाव जाईल, नाहीतर धाकटीचं. सांग कुणाचं देऊ?"

"आणि तू माझं दिलंस?" सेविका म्हणाली.

इनचार्ज उठल्या, तशी ताई दारात उभी राहिली. "सही तुमची आहे. बसा."

मुलगी पोलिसांना फोन लावत होती.

तेवढ्यात पलीकडच्या खोलीतली घंटा वाजली. दोघी जावा सवयीनं एकदमच दाराकडे निघाल्या.

"तू बस," सेविका थोरलीला म्हणाली. "पोलिसांना सगळं खरं सांग." आणि डोळे पुसत ती एकटीच निघाली.

भाऊही तिच्या मागोमाग गेला.

"पाणी कुठं असतं ते दाखवा," तो म्हणाला. "मी नेतो."