मुकी पट्टी

चर्चच्या पायपेटीखालून दोन पाय बाहेर आले होते. एका मोज्याला भोक, आणि त्या भोकातून अंगठा अगदी ऐटीत डोकावत होता!

ती दारातच थबकली. दर शनिवारी दुपारी ती इथे पेटीवर रविवारच्या गाण्यांचा सराव करायची. तेव्हा चिटपाखरूही नसायचं. तिला तसंच हवं असायचं... निदान ती तसं म्हणायची.

"कोण आहे?"

धाडकन डोकं आपटलं. "आई गं! मी पेटी दुरुस्त करणारा. पाळकसाहेबांनी बोलावलंय." केसांत जळमटं, नाकावर धूळ, आणि डोळे... बाप रे, ते डोळे हसतच बाहेर आले. "भात्याची गळती थांबवलीये. आता मधली ही पांढरी पट्टी तेवढी मुकी आहे, ती—"

"तिला हात लावायचा नाही!"

तो चमकला. "अहो, दातांच्या डॉक्टरला दुखरा सोडून बाकीचे बघा म्हणता का?"

"हो, म्हणते."

"मग दुखतंय, हे तरी कबूल आहे ना?"

झणझणीत उत्तर तयार होतं तिच्याकडे! पण ती बाकावर टेकली, आणि जे कुणालाच सांगितलं नव्हतं ते या जळमटवाल्या अनोळखी माणसाला सांगून बसली.

ती पट्टी पहिल्यापासून मुकी. आई शेजारी उभी राहून गायची, आणि तो सूर आला की जरा जास्तच जोरात गायची, म्हणजे मधला खड्डा कुणाला कळू नये. मायलेकींचं गुपित! आई गेली, आणि तो खड्डा सगळ्यांना ऐकू यायला लागला. आता तेवढीच आईची जागा उरली होती. घरी काय, तर सकाळी दोन कप काढायची सवय... आणि एक परत ठेवायची.

"तेव्हापासून मी गात नाही. प्रार्थनाही नाही. सगळे डोळे मिटतात, मी छताकडे बघते. प्रभू ऐकतो म्हणतात, पण मला तिकडून काहीच येत नाही. या पट्टीसारखं."

तो समजूत घालत बसला नाही. ब्रशनं धूळ झटकत म्हणाला, "मीही घरी एकटाच. रोज सकाळी प्रभूला म्हणतो, आज कुणीतरी माझ्याशी दोन शब्द बोलू दे. कधी ऐकतो, कधी दिवसभर फक्त पेट्याच बोलतात. तरी दुसऱ्या दिवशी पुन्हा मागतो. चिवट आहे मी."

"मग, आज ऐकलं?"

"आज तर भांडण मिळालं! मागितलं त्याहून जास्त."

ती हसली. किती महिन्यांनी! आणि स्वतःच दचकली.

"पट्टी तशीच ठेवतो," पेचकस पिशवीत टाकत तो म्हणाला. "शब्द दिला."

रविवारी चर्च भरलं. तिनं मागच्या बाकांकडे पाहिलंच नाही. बरं, दोनदाच पाहिलं! आईचं आवडतं गाणं सुरू झालं. पाय भाता मारत होते, बोटं धावत होती, आणि तो सूर जवळ येत होता... तिनं श्वास रोखला. आता खड्डा—

"आऽऽऽ!"

मागच्या बाकावरून. केवढ्यानं! आणि किती बेसूर! पेट्या सुरात लावणाऱ्या माणसाचा गळा असा? पुढच्या रांगेतल्या आजी मान वळवून बघायला लागल्या. तो लालबुंद झाला, पण हटला नाही. दुसऱ्या कडव्यात पुन्हा तेच!

तिला हसू फुटलं, आणि हसता हसता रडू. तिसऱ्या कडव्याला मात्र त्याला एकट्याला सोडवेना. तिनं तोंड उघडलं. आवाज गंजलेला, फाटका... पण निघाला!

शेवटच्या प्रार्थनेला सगळ्यांनी डोळे मिटले. तिनंही मिटले. "प्रभू," ती पुटपुटली, "मी आलेय. जरा उशीर झाला."

चर्च रिकामं झालं तरी तो पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत उभाच.

"फार वाईट गाता तुम्ही."

"माहितीये. म्हणून तर दुरुस्ती शिकलो."

तिनं मुक्या पट्टीवरून हळूच बोट फिरवलं. "ही दुरुस्त करा. आई असती तर तिनंच आधी सांगितलं असतं."

त्याचा चेहरा उतरला. "मग रविवारी माझं काम संपलं म्हणायचं."

"शेजारी उभं राहायला जागा आहे की... फक्त हळू गायचं!" ती बोलली आणि कानापर्यंत लाल झाली. "आणि ऐका ना... आज सकाळी पण मी दोन कप काढले होते."

"मग?"

"एक परत ठेवायचा राहून गेलाय."